मूकनायकाची मुले मुकी का?

दरवर्षी एप्रिल महिन्यात आपण परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती या परदेशात मोठ्या श्रद्धेने साजरी करतो. भाड्याने घेतलेल्या सभागृहात निळे झेंडे लागतात, त्रिसरण-पंचशील होते आणि त्यानंतर मुलांचा कार्यक्रम असतो. निळा कोट, गोल चष्मा आणि बगलेत संविधानाची प्रत अशा वेषात सहा-सात वर्षांचे एखादे बालक व्यासपीठावर येते आणि आईवडिलांनी महिनाभर घोकून घेतलेले भाषण एका दमात म्हणून दाखवते. आपण टाळ्यांचा कडकडाट करतो. आम्हीही करतो. परंतु तेच बालक आणखी सहा-सात वर्षांनी मोठे होऊन जेव्हा म्हणते की, 'मला आपल्या शहराच्या कौन्सिलपुढे माझे स्वतःचे दोन शब्द बोलायचे आहेत', तेव्हा आपल्या टाळ्या थांबतात आणि कपाळाला आठ्या पडतात. पाठ केलेल्या शब्दांचे कौतुक आणि स्वतःच्या शब्दांची धास्ती, ही विसंगती आंबेडकरी म्हणवणाऱ्या समाजाला शोभते काय, हा प्रश्न या लेखात मांडण्याचे आम्ही योजिले आहे. स्मरणिकेत गोड लिहिण्याची प्रथा आम्ही या वर्षापुरती मोडत आहोत, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

अमेरिकेतील स्थानिक राज्यकारभाराची रीत आपल्यापैकी बहुतेकांना आता परिचित आहे. सिटी कौन्सिल, काउंटीचे मंडळ आणि स्कूल बोर्ड यांच्या सभा जाहीर असतात. नागरिकांच्या निवेदनांसाठी वेळ राखून ठेवलेला असतो. चिठ्ठी भरून दिली की दोन-तीन मिनिटे बोलता येते. कॅलिफोर्निया राज्यात १९५३ सालच्या ब्राऊन कायद्याने ही पद्धत बांधून दिली आहे. सभेपुढील विषयावर बोलण्याची संधी त्या कायद्याने जनतेला दिली आहे आणि 'जनता' या शब्दाला वयाची अथवा मतदानाची अट जोडलेली नाही. तरीही, लहान मुलांना तिथे बोलू द्यावे की नाही, यावर या देशात वाद चालतो, आणि त्याहून तीव्र वाद आपल्या घरांत चालतो. आमचे मत स्पष्ट आहे. बोलू द्यावे. मात्र हे मत आम्ही एका चुकीची किंमत देऊन बनवले आहे, आणि ती चूक आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वी आम्ही राहतो त्या शहराच्या कौन्सिलपुढे जातिभेदाचा विषय आला. आदल्या रात्री आमच्या घरी बैठक होती. कोणी बोलावे, काय बोलावे, याची वाटणी चालली होती. एका स्नेह्यांची तेरा वर्षांची मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, "डॉक्टरकाका, मलाही बोलायचंय." तिची हकीगत अशी होती : शाळेत दुपारचा डबा खाताना एका भारतीय मैत्रिणीने तिला विचारले, "तुम्ही लोक नक्की कोण?" तिला प्रश्नाचा अर्थच कळला नाही. घरी येऊन तिने आईला विचारले. आईने चालू असलेला टीव्ही बंद केला आणि "जेवायला बस" एवढेच म्हणाली. त्या मुलीला कौन्सिलपुढे सांगायचे होते ते असे की, मैत्रिणीच्या प्रश्नापेक्षा घरातल्या त्या शांततेची तिला जास्त भीती वाटली.

आम्ही चार जाणत्या पुरुषांनी निकाल दिला : एवढ्या लहान मुलीने नको, तिची हकीगत आपण आपल्या निवेदनात घालू. आम्ही ती घातली. 'आमच्या समाजातील एका विद्यार्थिनीस मानसिक यातना सोसाव्या लागल्या' असे एक भारदस्त इंग्रजी वाक्य तयार झाले. शांततेचा उल्लेख आम्ही गाळला, कारण त्यात घरातले बाहेर जात होते. दुसऱ्या दिवशी निवेदन वाचून झाल्यावर कौन्सिलच्या एका सदस्येने विचारले, "मग त्या मुलीने मैत्रिणीला काय उत्तर दिले?" आम्ही चौघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ते आम्ही तिला विचारलेच नव्हते. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. परतताना गाडीत तिने एवढेच विचारले, "काका, माझं वाक्य का काढलंत?"

रुग्णाशी न बोलता त्याच्या दुखण्याचा इतिहास लिहून आणणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला आम्ही वॉर्डातून परत पाठवत आलो आहोत. लहान मूल तपासायला आणले की आई किंवा वडील आधी बोलतात, हे आम्ही आयुष्यभर पाहिले. त्यांचे ऐकावे, पण पोट कुठे दुखते ते मुलालाच विचारावे, ही आमच्या विद्येतील प्राथमिक शिकवण आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९५ साली याही पुढे जाऊन सांगितले की, पालकांची परवानगी पुरेशी समजू नये. ज्या मुलाला समजते त्याची स्वतःची संमतीही शक्य तेथे घ्यावी. दवाखान्यात हे सारे पाळणारा माणूस घरच्या बैठकीत ते विसरला.

आता मुख्य मुद्दा. 'त्यांच्या वतीने आम्ही बोलू' हे वाक्य आपल्या चळवळीने फार जवळून पाहिले आहे. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी आपण स्वतःच आहोत असा दावा केला, आणि बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. त्यापूर्वी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी याच विचाराचा पाया घातला होता. लोकांची मते सभागृहात पोचणे पुरेसे नाही, ती माणसे स्वतः तेथे पोचली पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसऱ्याच्या तोंडून आलेले आपले दुःख हे निम्मे दुःख असते. बोलणाऱ्याला जे अडचणीचे, ते त्यातून गळते. आमच्या निवेदनातून नेमके तेच गळले. आम्ही जे वाक्य काढले ते आम्हालाच अडचणीचे होते.

कोणी म्हणेल, ही तुलना ओढूनताणून आणलेली आहे. मूल म्हणजे दलित समाज नव्हे, मूल उद्या मोठे होणार आहे आणि त्याचे पालकत्व निसर्गानेच आपल्याला दिले आहे. हे खरे आहे. म्हणूनच मुलांना मत द्यावे असे आम्ही येथे म्हणत नाही. निर्णय घेणे वेगळे आणि ऐकले जाणे वेगळे. पालकत्व निर्णयापुरते आहे. मुलाच्या तोंडावर हात ठेवण्यापर्यंत ते जात नाही.

आपल्या परंपरेत मुलाचे बोलणे ही नवलाची गोष्ट नाही. बौद्ध वाङ्मयात सोपाकाची कथा आहे. नावावरूनच ज्याचे कुळ कळावे असा हा सात वर्षांचा मुलगा. भगवान बुद्धांनी त्याला दहा प्रश्न विचारले, त्याची उत्तरे ऐकली आणि त्या उत्तरांवरच त्याला उपसंपदा दिली. खुद्दकपाठातील 'कुमारपञ्ह' म्हणजे त्याच प्रश्नोत्तरांची नोंद, असे परंपरा सांगते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाला सात वर्षांच्या सोपाकाचे ऐकण्यात कमीपणा वाटला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. मुक्ता तेव्हा शाळकरी वयाची होती. पेशवाईतील जुलमांबरोबर तिने आणखी एक गोष्ट लिहिली : आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, आणि थंडी-वारा-पावसात त्यांचे काय हाल होत असतील! बाळंतपणे पाहिलेल्या आमच्यासारख्या वैद्याला हा मजकूर वाचताना आजही थांबावे लागते. कोणी जाणत्या गृहस्थाने 'मुक्ते, तू लहान आहेस, तुझे आम्ही लिहू' असे म्हटले असते, तर त्या निबंधातील छप्पर उरले असते काय?

आणि ज्याला बोलायला जागाच मिळाली नाही त्या मुलाचे उदाहरण तर खुद्द बाबासाहेबांचे आहे. साधारण १९०१ साली, नऊ-दहा वर्षांचा भीम भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला. मसूर स्थानकावर स्टेशनमास्तरने 'तुम्ही कोण?' म्हणून विचारले, मुलाने भाबडेपणाने जात सांगितली, आणि त्या गृहस्थाचा चेहराच पालटला. पुढे दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकत, तहानलेल्या मुलांनी ती रात्र कशी काढली, हे आपण सारे जाणतो. ते जाणतो कारण बाबासाहेबांनी ते तीसहून अधिक वर्षांनी लिहून ठेवले. त्या दिवशी मात्र ते ऐकणारे कोणतेही कार्यालय, कोणतीही सभा साताऱ्याच्या मुलखात नव्हती. ज्या मुलांना अशी हकीगत पुढे कधीच लिहिता आली नाही, त्यांची गणती कोण करणार? 'तुम्ही कोण?' हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांनी आमच्या शहरातील शाळेच्या भोजनगृहात आला, आणि ऐकणारी सभा आज येथे आहे. तिचे दार बंद होते ते आमच्याकडून.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा की, मुले पढवलेलेच बोलतात. २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या शालेय अभ्यासक्रमात जातीविषयी काय लिहावे, यावर राज्याच्या शिक्षण मंडळापुढे सुनावण्या झाल्या. तेथे शाळकरी मुलेही बोलायला उभी राहिली. जातीचा धडा वर्गात शिकवला की आम्हाला मान खाली घालावी लागते, अशा आशयाचे त्यांतील काहींनी सांगितले. आपल्या बैठकांत तेव्हा संताप व्यक्त झाला : 'पढवलेली पोरे!' असतीलही. परंतु मोठी माणसे काय बोलतात? एकाच मजकुराची पन्नास निवेदने आम्ही कौन्सिलपुढे ऐकली आहेत, ती तर पदवीधरांची होती. पढवलेले कोणते आणि मनातले कोणते, हे एका साध्या प्रश्नाने कळते, आणि तो प्रश्न विचारण्याचे काम सदस्यांचे आहे. आम्ही तर असे म्हणू की, आपल्या विरोधकांच्या मुलांनाही तेवढाच अधिकार असला पाहिजे. वर्गात त्यांना खरोखर लाज वाटली असेल तर तीही ऐकावी; ती का वाटली याचा विचार नंतर करता येईल. आपण विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : त्यांची मुले माइकपाशी पोचली तेव्हा आपली किती पोचली, आणि उरलेल्यांना कोणी थांबवले?

दुसरा आक्षेप : ज्याला मत नाही त्याला सभेत बोलण्याचा अधिकार कसला? हा आक्षेप आपल्या लोकांच्या तोंडी ऐकून आम्हाला हसावे की रडावे ते कळत नाही. आपल्यातील निम्मे लोक व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर आहेत. त्यांना येथे मत नाही. तरी सिॲटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदबंदीचा कायदा केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रेझ्नोने केला, तेव्हा आपण कोणत्या अभिमानाने टाळ्या वाजवल्या! कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेले जातिभेदविरोधी विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारले, तेव्हा कोणत्या अधिकाराने दुःख केले? मत नसलेल्या माणसालाही त्याच्या जगण्यावर परिणाम करणाऱ्या निर्णयाविषयी बोलता येते, या तत्त्वावरच आपण तेथे उभे होतो. सायमन कमिशनच्या काळात बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला तेव्हा 'हे लोक अडाणी आहेत' असे उत्तर मिळत होते. मताधिकार वापरण्यातूनच माणूस राजकीय शिक्षण घेतो, हे बाबासाहेबांचे प्रत्युत्तर होते. बोलायला शिकल्यावर बोलू देऊ, असे म्हणणारा कधीच बोलू देत नाही.

शिवाय स्थानिक संस्थांचे विषय पाहा : शाळा, खेळाचे मैदान, बस, पिण्याचे पाणी. हे मुलांचेच विषय आहेत. मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि नळांतून शिसे येऊ लागले. शिसे मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या मेंदूला अधिक अपाय करते. मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ भगिनीने मुलांच्या रक्ताचे आकडे मांडले : पाच वर्षांखालील ज्या मुलांत शिशाचे प्रमाण धोक्याच्या रेषेवर होते त्यांचा हिस्सा २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेला होता. सप्टेंबर २०१५ पर्यंत हे उघड झाले नव्हते. २०१६ साली त्याच शहरातील मारी कोपेनी या आठ वर्षांच्या मुलीने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिले आणि मे महिन्यात बराक ओबामा फ्लिंटला आले. ज्यांच्या रक्तात विष गेले त्यांतील एकालाही मत नव्हते. पाणी आणि नगरपालिका म्हटले की आपल्याला महाड आठवल्यावाचून राहत नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तो तीन वर्षे कागदावर पडून राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी तहानलेल्यांना स्वतः तळ्यावर जावे लागले.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो आम्ही थट्टेवारी नेणार नाही : मुलाला इजा होईल. सभेचे चित्रीकरण होते, ते इंटरनेटवर राहते. आपल्या माणसाचे आडनाव उच्चारले की जाणकाराला जात कळते. तेराव्या वर्षी बोललेले वाक्य तेविसाव्या वर्षी नोकरीच्या ठिकाणी समोर येऊ शकते. हे सर्व खरे आहे. पालकाची ही भीती भ्याडपणाची नव्हे. ती त्याने स्वतः सोसलेल्या दिवसांतून आलेली आहे. पण वैद्य म्हणून आम्ही एवढेच सांगू की, औषधाचा अपाय मोजताना औषध न देण्याचा अपायही मोजावा लागतो. त्या घरातील बंद टीव्ही आम्हाला विसरता येत नाही. जे मूल आपले दुःख घरात विचारू शकत नाही आणि बाहेर बोलू शकत नाही, ते झोप न येणे, पोटदुखी, शाळा नकोशी होणे अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येते, आणि तपासणीत काहीच सापडत नाही.

१९६३ सालच्या मे महिन्यात अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात शेकडो कृष्णवर्णीय मुले चर्चमधून निघून शहराच्या मध्यभागाकडे चालू लागली, तेव्हाही हाच वाद झाला होता. मुलांना पुढे घातले म्हणून मार्टिन ल्यूथर किंगवर मित्र आणि शत्रू दोघांनीही टीका केली. शहराचा सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनर याने त्या मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे बंब सोडले. आपल्या मुलांनी असे काही सोसावे असे कोणता बाप म्हणेल? आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या शहरात त्यांचे ऐकणारी सभा नव्हती म्हणून ती रस्त्यावर आली. सभेत बोलू देणे हा मुलाला रस्त्यावरच्या बंबांपासून वाचवण्याचाच मार्ग आहे.

तेव्हा मनाई नको, शिस्त हवी. मुलाने स्वतः मागितल्याशिवाय त्याला उभे करू नये, आणि आयत्या वेळी नको वाटले तर त्याला बसू द्यावे. भाषण त्याचे त्याने लिहावे. आपण स्पेलिंग सुधारावे, वाक्य काढू नये. आडनाव सांगू नये, शाळेचे नाव सांगू नये. ब्राऊन कायद्याप्रमाणे सभेला हजर राहण्यासाठी नाव नोंदवण्याची सक्ती करता येत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे. चेहरा दाखवायचा नसेल तर लेखी निवेदन पाठवावे. कौन्सिलकडे आपण मागणी करावी की मुलांना आरंभीच बोलू द्यावे, रात्री अकरापर्यंत ताटकळत ठेवू नये. त्यांना उलटतपासणीचे प्रश्न विचारू नयेत आणि त्यांच्या निवेदनाचे काय झाले ते त्यांना कळवावे. ऐकून फाइलला लावणे हा मुलाचा अपमान आहे, तसाच तो मोठ्यांचाही आहे.

जग याच दिशेने चालले आहे. मुलांच्या हक्कांविषयीच्या १९८९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारातील बारावे कलम, मुलाशी संबंधित बाबतीत त्याचे मत ऐकावे आणि त्याच्या वयाच्या व समजुतीच्या मानाने त्याला वजन द्यावे, असे सांगते. भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण अद्याप त्यास संमती दिलेली नाही. तरी याच देशात टाकोमा पार्क या लहान शहराने २०१३ साली शहराच्या निवडणुकीत सोळाव्या वर्षी मत दिले, आणि ओकलंड व बर्कली येथील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी २०२४ साली स्कूल बोर्डासाठी मतदान केले. मायदेशात ग्रामसभा संविधानानुसार मतदारांचीच आहे. मुलांसाठी केरळात बालसभा आहेत, कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभा आहेत. खेडे हे संकुचितपणाचे डबके आहे असे बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत सुनावले होते. त्या डबक्यात शाळेच्या पाण्याविषयी, शौचालयाविषयी, पंक्तीत वेगळे बसवण्याविषयी दलित मुलगी गावापुढे उभी राहून बोलली तर तिला काय सोसावे लागेल, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून येथे, जेथे धोका तुलनेने कमी आहे, तेथे आपल्या मुलांनी बोलायला शिकणे ही चैन नाही. ते त्या मुलीचे देणे आहे.

शेवटी आपल्या मंडळाला एक विनंती. कौन्सिलचे दार ठोठावण्यापूर्वी आपले दार उघडावे. पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेत अर्धा तास मुलांसाठी राखून ठेवावा. त्यात वेषभूषा नसावी, पाठांतर नसावे, बक्षीसही नसावे. मंडळाच्या कारभाराविषयी, आपल्या जयंतीविषयी, आपल्या घरातील शांततेविषयी त्यांना जे म्हणायचे असेल ते त्यांनी म्हणावे आणि आपण ते इतिवृत्तात जसेच्या तसे लिहावे. काही वाक्ये आपल्याला बोचतील. ती काढू नयेत.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले तेव्हा त्याला 'मूकनायक' हे नाव दिले. ज्यांना वाचा नव्हती त्यांना ती मिळावी म्हणून ते निघाले. शंभराहून अधिक वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे, शिकलेल्या आईबापांच्या घरात एखादे मूल मुके राहत असेल तर त्याचा जाब बाहेरच्यांना विचारून चालणार नाही.

त्या मुलीची आम्ही पुढे क्षमा मागितली. मैत्रिणीला काय उत्तर दिले होते, तेही विचारले. तिने सांगितले. ते येथे लिहिण्याचा मोह आम्ही आवरतो. बोलायचे असेल तेव्हा ते तीच बोलेल.

जय भीम.